दोन नांदेड आणि एक घड्याळ : पावसावरच्या धानाचं वाण कसं घडतं

मागच्या एका बैठकीत माझ्याकडून एक चूक झाली. ती आधी कबूल करतो, कारण हा लेख त्या चुकीतूनच निघाला आहे.

आपल्या भागातल्या जुन्या पिकांवर बोलताना मी सांगितलं होतं, की बाजारात मिळणारा एच.एम.टी. तांदूळ हा नांदेडचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. देगलूरच्या पलीकडे, तासा-दोन तासांवर. मी कुठेतरी 'नांदेडच्या शेतकऱ्याने शोधलेलं वाण' एवढंच वाचलं होतं आणि पुढचं मनानेच जोडलं होतं. बैठक संपल्यावर मागच्या रांगेतले एक निवृत्त गुरुजी जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सर, नांदेड दोन आहेत. तुम्ही म्हणता ते गोदावरीकाठचं. धानाचं नांदेड वेगळं."

गुरुजींचं बरोबर होतं. एच.एम.टी.चं नांदेड हे चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातलं एक गाव आहे. आपल्यापासून सरळ रेषेत मोजलं तरी तीनशे किलोमीटरच्या पुढे. चूक लहान दिसते, पण तिने माझी सगळी मांडणीच बिघडवली होती. धानाचं वाण कुठल्या जमिनीत आणि कुठल्या पावसात घडलं, हेच त्या वाणाचं मर्म असतं. गाव चुकलं की वाण समजत नाही. म्हणून घरी येऊन पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसलो. मी शेतीशास्त्राचा माणूस नव्हे. नोकरी मोऱ्या, पूल आणि छोटे बंधारे यांत गेली. त्यामुळे पुढचं सगळं एका इंजिनिअरने समजून घेतलेलं आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

साळीचा तुकडा

औराद म्हटलं की ज्वारी, तूर, उडीद, मूग आणि आता सोयाबीन. इथे धानाचा काय संबंध, असं कोणीही विचारील. पण पन्नाशी ओलांडलेल्या कित्येकांना आठवत असेल, की नाल्याकाठी, ओढ्याच्या वळणावर, जिथे पावसाळ्यात पाणी साचून राहायचं तिथे साळ असायची. आमच्या आजीकडे असाच एक तुकडा होता. त्याला घरात 'साळीचा तुकडा' असंच नाव होतं. रोपं टाकून लावणी वगैरे काही नाही. मृगाचा पाऊस झाला की तिफणीने पेरायची, दोनदा निंदायची आणि पुढे देवावर हवाला. भात रोजचा नव्हताच. रोज ज्वारीची भाकर; भात सणाला, पाहुण्याला आणि आजाऱ्याला.

शब्दांचा एक खुलासा करतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. आपण जिला साळ म्हणतो, त्याला कोकणात भात म्हणतात आणि पूर्व विदर्भात धान. पीक एकच. या लेखात मी बहुतेक ठिकाणी 'धान' हा शब्द वापरला आहे, कारण गोष्ट तिकडची आहे.

जगातल्या धानाच्या जमिनींचे ढोबळ मानाने भाग पडतात. कालव्याचं किंवा विहिरीचं पाणी हाताशी असलेली ओलिताची जमीन हा एक. पाणी न थांबणारी माळाची जमीन हा दुसरा. आणि या दोन्हींच्या मधली तिसरी : बांध घातलेली किंवा मुळातच सखल असलेली, पाणी साचणारी, पण ते पाणी फक्त पावसाचं. हिला पावसावरची सखल जमीन म्हणू. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यातली बहुतेक जमीन या तिसऱ्या जातीची आहे. आजीचा तुकडाही तिचाच एक दूरचा, गरीब नातेवाईक.

या जमिनीची अडचण अशी, की तिला दोन शत्रू आहेत आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. जुलैत चार दिवस झड लागली तर रोप बुडतं. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात पंधरा दिवस उघाड पडली तर तेच रोप करपतं. एकाच शेतात, एकाच वर्षात दोन्ही होऊ शकतं. ओलिताच्या शेतकऱ्याला पाणी सोडता येतं आणि काढताही येतं. इथे दोन्ही पावसाच्या मर्जीवर.

मोरीचा हिशेब आणि वाणाचा हिशेब

रस्त्याखालची मोरी किती रुंद ठेवायची हे ठरवताना आम्ही सरासरी पाऊस धरत नाही. पंचवीस किंवा पन्नास वर्षांत एकदा येणारा पूर धरतो. सरासरी पावसाने मोरी वाहून जात नसते. जाते ती त्या एका वर्षात.

पावसावरच्या धानाचंही तसंच आहे. समजा दोन वाणं आहेत. आकडे मी फक्त समजुतीसाठी घेतो. पहिलं वाण चांगल्या वर्षी एकराला वीस पोती देतं आणि वाईट वर्षी दोन. दुसरं चांगल्या वर्षी चौदा आणि वाईट वर्षी नऊ. सहा वर्षांत चार चांगली आणि दोन वाईट आली, तर पहिल्याची बेरीज चौऱ्याऐंशी होते आणि दुसऱ्याची चौऱ्याहत्तर. कागदावर पहिलं वाण जिंकतं. पण ज्याच्या घरात साठा नाही, तो शेतकरी दोन पोत्यांच्या वर्षी सावकाराकडे जातो आणि पुढची चार चांगली वर्षं व्याजात जातात. म्हणून तो दुसरं वाण घेतो, आणि त्याचं गणित चुकलेलं नसतं. त्याच्या हिशेबात कर्ज धरलेलं असतं, आपल्या बेरजेत नसतं.

वाण तयार करणाऱ्याला मग चार गोष्टी जुळवाव्या लागतात.

पहिली गोष्ट दिवसांची. कोकणात धानाला हळवं, निमगरवं आणि गरवं म्हणतात. विदर्भात हलकं, मध्यम आणि भारी. साधारण शंभर-सव्वाशे दिवसांपासून दीडशे दिवसांपर्यंत हा पसारा आहे. यात एक बाब मला फार उपयोगाची वाटली : फुलोऱ्यापासून कापणीपर्यंतचा काळ हलक्या-भारी सगळ्याच धानांत जवळजवळ सारखा, सुमारे तीस दिवसांचा असतो. फरक पडतो तो त्याआधीच्या वाढीत. म्हणजे कापणीच्या तारखेतून तीस दिवस वजा केले की फुलोऱ्याची तारीख मिळते, आणि त्या वेळी शेतात ओल हवीच हवी. धान निसवताना आठवडाभर जरी ताण पडला, तरी दाणे भरत नाहीत, लोंब्या पोचट राहतात. पीक हिरवं दिसतं, पण खळ्यावर आणल्यावर कळतं की आत काही नाही.

आता हे गणित दोन्ही गावांना लावून पाहा. १५ जूनला पेरलेलं १४० दिवसांचं धान २ नोव्हेंबरच्या सुमारास कापणीला येईल, म्हणजे फुलोरा ३ ऑक्टोबरला, हस्त नक्षत्रात. नागभीडकडे पाऊस बाराशे मिलिमीटरच्या वर, बांध्यांत पाणी अडवलेलं आणि वरच्या अंगाला तळं. तिथे हे जमू शकतं. आजीच्या तुकड्यात सप्टेंबरच्या मध्यापासून पाणी हटायचं. तिथे १०५ दिवसांचंच धान हवं : कापणी २८ सप्टेंबर, फुलोरा ऑगस्टच्या अखेरीला, मघा संपता संपता. एच.एम.टी.सारखं साडेचार महिन्यांचं वाण आजीने पेरलं असतं तर हाती फक्त कडबा आला असता. मी बैठकीत केलेली चूक किती मोठी होती ते मला इथे कळलं.

दुसरी गोष्ट उंचीची. रोप उंच असेल तर साचलेल्या पाण्यात टिकतं, पण शेवटी लोळतं. बुटकं असेल तर लोळत नाही, पण जुलैतच बुडतं.

तिसरी गोष्ट तारखेची. जुन्या कित्येक भारी वाणांना दिवस किती मोठा आहे याची जाण असते. तुम्ही जूनमध्ये पेरा की जुलैत, दिवस लहान होऊ लागल्यावरच ती निसवतात. पावसावरच्या शेतकऱ्याला हे वरदान होतं, कारण पेरणीची तारीख त्याच्या हातात कधीच नसते. पाऊस लांबला तरी फुलोरा ठरल्या वेळीच यायचा. नव्या वाणांमधून हा गुण बराचसा काढून टाकला गेला, कारण ओलिताखाली वर्षातून दोन पिकं घ्यायची तर तो आडवा येतो.

चौथी गोष्ट जमिनीची. ती आपल्या काळ्या जमिनीच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

प्रयोगशाळेतलं पाणी आणि शेतातलं पाणी

१९४६ मध्ये कटकला केंद्रीय भात संशोधन संस्था सुरू झाली. बंगालच्या दुष्काळाला तेव्हा फक्त तीन वर्षं झाली होती. पुढे १९६६ मध्ये फिलिपाईन्सच्या संस्थेने 'आय.आर.-८' हे बुटकं, खताला दाद देणारं वाण दिलं आणि १९६८ मध्ये आपल्याकडे 'जया' आलं. ओलिताच्या पट्ट्यांत या वाणांनी चित्र बदललं, यात शंका नाही. पण त्यांची निवड झाली होती ती पाणी हाताशी असलेल्या शेतांत. पावसावरच्या सखल बांधीत बुटकं रोप बुडायचं आणि ताण पडला की इतरांच्या आधी मान टाकायचं.

शास्त्रज्ञांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण बराच काळ असं मानलं जाई, की कोरड्या शेतात निवड करण्यात अर्थ नाही. तिथे एका कोपऱ्यात ओल, दुसऱ्यात नाही, मग वाणाचा गुण कुठला आणि जागेचा कुठला ते कळणार कसं? म्हणून भरपूर पाण्यात चांगलं ठरलेलं वाणच दुष्काळातही बरं ठरेल, अशी आशा धरली जाई. या शतकाच्या सुरुवातीला ही रीत बदलली. त्याच वाणांची दोन शेतं करायची. एकाला पाणी द्यायचं, दुसऱ्यातलं निसवण्याच्या आधी काढून टाकायचं, आणि दोन्हीकडे टिकेल तेच निवडायचं. आमच्या भाषेत याला भार-चाचणी म्हणतात. तुळई भार टाकल्याशिवाय पास करत नाहीत.

या रीतीने झारखंडातल्या हजारीबागच्या केंद्रातून सुमारे १०५ दिवसांचं 'सहभागी धान' निघालं आणि २००९-१० मध्ये ते शेतकऱ्यांना मिळालं. नावातच सांगितलं आहे, की शेतकऱ्यांच्या शेतात, त्यांना बरोबर घेऊन पारखलेलं. बुडण्यावरचा उपाय तर ओडिशाच्या एका जुन्या गावठी धानातच सापडला. ते धान पाण्याखाली जवळजवळ दोन आठवडे तग धरायचं. त्याचा तो गुण 'स्वर्णा' या लोकप्रिय वाणात उतरवून २००९ मध्ये 'स्वर्णा-सब-१' आलं. ते गावठी धान कोणीतरी जपून ठेवलं नसतं, तर उतरवायला गुणच उरला नसता.

या सगळ्याच्या पंचवीस वर्षं आधी, शेतातच निवड करायची ही गोष्ट चंद्रपूरच्या नांदेडमध्ये एका माणसाने आपल्या पद्धतीने केली होती.

नागभीडचं नांदेड

दादाजी रामाजी खोब्रागडे यांचं शिक्षण तिसरीपर्यंत. जमीन दीड एकराच्या आसपास. गाव झाडीपट्टीतलं. बल्लारपूरहून गोंदियाकडे जाणारी रेल्वे या मुलखातून जाते. सिंदेवाही, तळोधी, नागभीड ही सगळी नावं त्या एका मार्गावरची, आणि या वाणाची सगळी गोष्टही तेवढ्याच टापूत घडली. पावसाळ्यात गाडीच्या खिडकीतून पाहिलं, की दोन्ही बाजूंना बांध्याच बांध्या दिसतात. प्रत्येक बांधी मागच्या बांधीपेक्षा वीतभर खाली. वरच्या बांध्यांत हलकं धान, खालच्या ओलसर बांध्यांत भारी. आमचा मोजणीचा नकाशा धानाच्या हिरव्या छटांनी काढल्यासारखा.

१९८३ मध्ये दादाजींच्या शेतात 'पटेल-३' हे धान होतं. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ डॉ. जे. पी. पटेल यांचं ते वाण. त्या पिकात दादाजींना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, रंगाने पिवळसर. त्यांनी त्या खुडून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या. पुढच्या हंगामात ते दाणे शेताच्या मधोमध वेगळे लावले आणि रानडुकरांपासून राखले. त्यातून आलेलं बी पुन्हा लावलं, असं काही वर्षं चाललं. धान बारीक दाण्याचं होतं, उतारा चांगला होता आणि शिजल्यावर चव चांगली होती. नव्वदच्या सुमारास ते इतरांच्या शेतात गेलं आणि तळोधीच्या बाजारात विकायला आलं. व्यापाऱ्याने नाव विचारलं, तर नाव नव्हतं. त्या काळी मनगटावर एच.एम.टी.चं घड्याळ असणं मानाचं होतं. तेच नाव धानाला चिकटलं.

आपल्या राज्याचाही यात एवढा हात आहे. ही घड्याळं १९६१ पासून बंगळुरूच्या कारखान्यात, जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बनत होती. आता घड्याळं बंद पडली. त्यांच्या नावाचा तांदूळ मात्र औरादच्या दुकानांत पोत्यांवर लिहिलेला दिसतो.

आता तीन लोंब्यांतून वाण कसं होतं, हे शास्त्राच्या बाजूने पाहू. धान स्वतःच्याच परागाने फळतं. शेजारच्या रोपाचा पराग येऊन फळण्याचं प्रमाण फार थोडं, साधारण शंभरात एकाच्याही आसपास नाही. त्यामुळे वेगळ्या दिसलेल्या रोपाचं बी पुढच्या वर्षी बहुधा त्याच गुणाचं निघतं. ज्वारी-बाजरीत असं सहज होत नाही. बाजरीत तर परपरागाचाच कारभार असतो. शेतात वेगळी लोंबी दिसण्याची कारणं तीन असू शकतात : दुसऱ्या वाणाचं बी मिसळलेलं असतं, क्वचित झालेला संकर असतो, किंवा आपोआप घडलेला गुणबदल असतो. संकर असेल तर पुढच्या काही पिढ्यांत रोपं उंच-बुटकी, आगाप-मागास अशी फुटत राहतात. मग दरवर्षी नको ती उपटायची आणि हवी तीच ठेवायची. सहा-सात पिढ्यांनंतर ती बरीचशी स्थिर होतात. कृषी विद्यापीठात याला निवड पद्धत म्हणतात आणि तिथेही ती अशीच करतात. फरक नोंदवहीचा.

आणि मला वाटतं, आणखी एक फरक होता. दादाजींची निवड ज्या पावसात आणि ज्या मातीत झाली, त्याच पावसात आणि मातीत ते धान पुढे पिकणार होतं. ती सहा-सात वर्षं म्हणजे फुकटात मिळालेली भार-चाचणी होती. जे टिकलं नाही ते आपोआप गळालं.

दादाजी एका वाणावर थांबले नाहीत. नांदेड-९२, नांदेड चिन्नोर, विजय नांदेड, दीपकरत्न, डी.आर.के. अशी वाणं त्यांनी पुढे काढली. आपल्या गावाचं नाव त्यांनी वाणांना दिलं, हे मला विशेष वाटतं. मी मात्र तेच नाव वाचून दुसऱ्या गावाला श्रेय देऊन मोकळा झालो होतो.

नोंदवहीचा प्रश्न

१९९४ मध्ये सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्राने दादाजींकडून एच.एम.टी.चं बी नेलं. हे केंद्र अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. १९९८ मध्ये विद्यापीठाने 'पी.के.व्ही.-एच.एम.टी.' या नावाने वाण प्रसारित केलं. दादाजींचं म्हणणं होतं, की हे माझंच धान आहे. विद्यापीठाची बाजू अशी, की मूळ बियाणं मिश्र होतं आणि ते शुद्ध करण्याचं काम शास्त्रज्ञांनी केलं. हा वाद वर्तमानपत्रांतून बराच गाजला.

इतिहासाच्या नजरेने पाहिलं तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. बी शुद्ध करणं हे खरं काम आहे. पण तीन लोंब्या ओळखणं, त्या राखणं आणि वर्षानुवर्षं निवडत राहणं, हेही तेवढंच खरं काम आहे, आणि ते आधीचं आहे. त्या काळात शेतकऱ्याने काढलेल्या वाणाची नोंद करणारा कायदाच आपल्याकडे नव्हता. तो आला २००१ मध्ये : वनस्पतींच्या वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचा कायदा. त्यात शेतकऱ्याचं वाण त्याच्या नावावर नोंदवता येतं. ते इतरांहून वेगळं, एकसारखं आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर असल्याचं दाखवावं लागतं. शिवाय शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि विकण्याचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी छापील नावाच्या पिशवीत भरून विकता येत नाही.

दादाजींना मान मिळाला नाही असं नाही. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये 'फोर्ब्स' मासिकाने ग्रामीण भारतातल्या प्रभावी उद्योजकांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. पण हाती पैसा आला नाही. ३ जून २०१८ रोजी ते वारले. लाखो एकरांवर पिकणाऱ्या धानाच्या पोत्यावर नाव आहे ते घड्याळाचं.

आपली काळी जमीन

आता राहिलेली चौथी गोष्ट. आजीची साळ काही वर्षी जुलैत पिवळी पडायची. पाऊस उघडला की पानं शिरांमधून पांढरट-पिवळी, आणि पुन्हा पाणी साचलं की हिरवी. "साळीला कावीळ झाली," असं आजी म्हणायची. त्यामागचं कारण मला आत्ता, या वाचनात कळलं. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असतं, पण ते झाडाला घेता येत नाही अशा रूपात असतं. शेतात पाणी साचलं की मातीतली हवा कोंडते, लोहाचं रूप बदलतं आणि ते मुळांना मिळू लागतं. पाणी हटलं की पुन्हा कुलूप. चिखलणी केलेल्या बांधीत हा त्रास फारसा होत नाही. तिफणीने पेरलेल्या साळीला होतो. म्हणजे आपल्या भागाला दिवस कमी असलेलं आणि शिवाय ही कावीळ सोसणारं धान हवं होतं.

हे काम परभणीच्या कृषी विद्यापीठाने मराठवाड्यासाठी हाती घेतलं. आंबेमोहोर धानाच्या बियांवर रसायनाचा प्रयोग करून गुणबदल घडवला आणि त्यातून ऐंशीच्या दशकात 'प्रभावती' हे वाण निघालं. लोहाची कमतरता सोसणं हा त्याचा एक गुण. पेरसाळीसाठी 'तेरणा', 'पराग' अशी आणखीही वाणं तिथून आली.

पण इथे आपला नकाशा आडवा आला. १९५६ पर्यंत औराद, उदगीर, अहमदपूर, निलंगा सगळे एकाच बिदर जिल्ह्यात आणि परभणीसह एकाच हैदराबाद राज्यात होते. भाषावार रचनेत उदगीर-निलंगा तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. काळी माती, पाऊस आणि साळीची कावीळ यांची वाटणी झाली नाही. शिफारशींची मात्र झाली. वाणाची शिफारस राज्याराज्याने होते. परभणीचं पत्रक औरादच्या शेतकऱ्यासाठी नसतं, आणि कर्नाटकातलं धानाचं बहुतेक काम कालव्याखालच्या जिल्ह्यांसाठी असतं. सीमेवरच्या माणसाला हे नवीन नाही. सोयाबीन आलं, भाव मिळाला, साळीचे तुकडे मोडले. आजीचा तुकडाही नव्वदच्या दशकात सोयाबीनखाली गेला. त्या वेळी मी नोकरीत होतो आणि शेतकी विषयावर माझं मत कोणी विचारत नव्हतं. विचारलं असतं तरी मी सोयाबीनच म्हटलं असतं.

आजीच्या साळीचं नाव काय होतं, ते मी कधी विचारलं नाही. घरात सगळे नुसतं 'साळ' म्हणायचे. ते बी कुठून आलं, किती पिढ्या राखलं, दरवर्षी बियाण्याच्या लोंब्या आजी कशा निवडायची, यातलं काही मी लिहून ठेवलं नाही. उभ्या पिकातून हिंडत ती लोंब्या खुडायची आणि पदरात घ्यायची, एवढं मात्र डोळ्यांसमोर आहे. त्या वेळी मला तो तिचा छंद वाटायचा. ते वाण राखण्याचं काम होतं, हे दादाजींची गोष्ट वाचताना लक्षात आलं.

म्हणून मंडळाच्या सभासदांना आणि वाचकांना एक विनंती. आपल्या घरात सत्तरीच्या पुढची जी माणसं आहेत, त्यांना या पाच गोष्टी विचारा आणि लिहून मंडळाकडे द्या : साळीचं नाव, तुकडा कुठे होता, पेरणी आणि कापणी कुठल्या नक्षत्रात व्हायची, दाणा आणि कोंडा कसा होता, आणि बियाणं कोण कसं निवडायचं. पेरणी-कापणीच्या नक्षत्रांवरून दिवस मोजता येतात. ते मी काढून देईन. कोणाच्या कणगीत किंवा मडक्यात अजून मूठभर जुनं बी असेल, तर त्याची माहिती आधी द्या. मूठभर बी पुष्कळ झालं. नागभीडच्या नांदेडात तीन लोंब्यांवर भागलं होतं.

आणि गावाचं नाव लिहिताना तालुका लिहायला विसरू नका.